डाव्या हाताला पुढे चाल

मराठी भाषेने डावखुऱ्या माणसाशी उभा दावा मांडला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणी सरस निघाला की तो उजवा. कोणाला मुद्दाम वगळलं की त्याला डावललं. पोरीचं लग्न झालं की ती उजवली. बोलणारे बोलून जातात, त्यांचं काय जातं? ऐकणाऱ्याने ऐकायचं आणि गप्प बसायचं. मी काही गप्प बसणाऱ्यांतला नाही, पण आमच्या मायपुढे भल्याभल्यांचं चालत नसे, तिथे माझी काय कथा.

आमची माय नरडाण्याजवळच्या एका खेड्यातली. वडील जळगावात कचेरीत कारकून, त्यामुळे बाहेर ते अगदी पुस्तकी बोलत आणि उंबरा ओलांडला की मायच्या अहिराणीत विरघळून जात. मी चार-पाच वर्षांचा असताना मामाच्या गावी एका लग्नाच्या पंगतीत माय मला घेऊन बसली होती. मी आपला खुशाल डाव्या हाताने जेवत होतो. शेजारची बाई ताट सोडून उठली. मग तिच्या पलीकडचीही उठली. वाढपी बुंदी घेऊन आला, माझा हात पाहिला आणि मला सोडून पुढच्या ताटाकडे गेला. माझ्या वाटची बुंदी पुढे गेली एवढंच मला कळलं. मायला मात्र सगळ्या मांडवाच्या नजरा कळल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिने माझा डावा हात बांधायला सुरुवात केली. जुन्या लुगड्याची चिंधी होती, मऊ, निळी. जेवायला बसलं की ती चिंधी घेऊन यायची आणि मनगट मांडीशी आवळून गाठ मारायची. "भाऊ, जेवाना हात कोन्ता?" असं विचारायची; आमच्याकडे आया लेकालाही भाऊच म्हणतात. उजवा, असं म्हटल्याशिवाय ताट पुढे येत नसे. मी रडलो, लोळलो, उपाशी झोपलो. ती बधली नाही. वर्षभरात मी उजव्या हाताने जेवू लागलो, लिहू लागलो, देवाला फूल वाहू लागलो. चिंधीचं काम संपलं. ती कुठे गेली कोण जाणे, पण पुढे कितीतरी वर्षं ताट समोर आलं की माझा डावा हात आपणहून मांडीवर जाऊन पडायचा. आजही पडतो.

आता टेनिसकडे येतो. आमच्या कॉलेजात एक कोर्ट होतं. काळ्या मातीवर मुरूम, त्यावर दर आठवड्याला शेणाचा सडा आणि चुन्याच्या रेघा. उन्हाळ्यात त्याला घरच्या अंगणासारखाच वास यायचा. मी एकदा हौसेने रॅकेट हातात घेतली, अर्थातच उजव्या. चेंडू कधी जाळीत, कधी कुंपणापार. जिमखान्याचे सर खुर्चीत बसून बघत होते. थोड्या वेळाने ते वैतागून ओरडले, "अरे, दुसऱ्या हातात घेऊन बघ की!"

त्यांना काय ठाऊक, ते काय बोलून गेले ते! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला असं सांगत होतं. मी रॅकेट डाव्या हातात घेतली आणि चेंडू मारला. तो कसा गेला हे सांगत बसत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? बाकी सगळीकडे मी दुसऱ्याचा हात वापरत होतो, तिथे माझा वापरायला मिळाला.

घरी मी हे सांगितलं नाही. पोरगा तो जाळीचा खेळ खेळतो एवढंच मायला माहीत. कोणत्या हाताने खेळतो, हे तिने विचारलं नाही. तिच्या मते तो प्रश्न केव्हाच मिटला होता.

खेळात डावखुऱ्याचा एक फायदा असतो. कोर्टाच्या एका बाजूने मी सर्व्हिस टाकली की चेंडू समोरच्या उजव्या माणसाच्या नावडत्या बाजूने बाहेर पळायचा. तो पळत पळत कुंपणाला टेकायचा आणि अख्खं कोर्ट मला मोकळं. धुळ्याच्या स्पर्धेत या एका सर्व्हिसवर मी भलेभले घामाघूम केले. मित्र म्हणायचे, "तुझ्या तर डाव्या हातचा मळ!" मग पुण्याला विद्यापीठाच्या स्पर्धेत गेलो आणि तिथे सपाटून हरलो. पण हरताना कोणीतरी मला पाहत होतं, ते उन्हाळ्यात कळलं.

साल नेमकं सांगत नाही, सत्तरच्या आसपासचं धरा. देशादेशांच्या पुरुष संघांची एक मोठी टेनिस स्पर्धा असते, अजूनही असते. तेव्हा सगळं जग विभागांत वाटलेलं होतं आणि आपण पूर्व विभागात. आधी आपल्या विभागातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना हरवायचं, तेव्हा कुठे पुढच्या बड्या देशांशी गाठ. त्या वर्षी विभागातल्या एका फेरीत ज्या देशाशी गाठ पडली होती, त्यांचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू डावखुरा होता आणि आपल्या लोकांना त्याची सर्व्हिस समजत नव्हती. सरावाला तसाच एक डावखुरा हवा होता. पुण्यात मला हरताना पाहणारे गृहस्थ निघाले आपल्या संघाचे प्रशिक्षक. कॉलेजात तार आली, तुमचा तो डावखुरा मुलगा कलकत्त्याला सरावासाठी ताबडतोब पाठवा.

सर तार नाचवतच घरी आले. माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. सरांनी उत्साहाच्या भरात सगळं सांगून टाकलं. देश, संघ, कलकत्ता, आणि तो डावा हात. मी मागून खुणा करतोय, पण सर कसले थांबतात!

मायचे हात थांबले. "कोन्ता हात?" तिने मला विचारलं.

"डावा."

"तोच पाह्यजे त्यास्ले?"

"तोच. उजव्याचे पुष्कळ आहेत त्यांच्याकडे."

ती उठली. सूप बाजूला ठेवून आत गेली ती सर जाईपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं, आता पेटणार. वडीलही जरा लांबच उभे राहिले. पण ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज अगदी बसलेला. कलकत्ता किती लांब शे, एवढंच तिने विचारलं.

निघायच्या दिवशी तिने काळा दोरा आणला. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे दोरा बांधतात, आणि पुरुषाच्या उजव्या मनगटात बांधतात. मी सवयीने उजवा हात पुढे केला. तिने तो खाली केला आणि डावा ओढून घेतला. ज्या जागी पूर्वी चिंधी यायची, तिथेच दोऱ्याची गाठ मारली. दोघंही एकमेकांकडे न बघता उभे होतो. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की नुसता सराव करून परत यायचं नाही. संघात चार जण असतात, त्यांतला चौथा व्हायचं. खेळायला नाही मिळालं तरी चालेल, पण देशाचा कोट घालून दारात उभं राहायचं आणि मायला म्हणायचं, हा बघ तुझा डावा.

कलकत्त्याचं कोर्ट हिरवंगार गवताचं होतं. आमच्या शेणाच्या कोर्टावर चेंडू टप्पा पडल्यावर जरा विचार करून वर यायचा, इथे तो सापासारखा पायाखालून निसटे. पहिले काही दिवस माझी पार फजिती झाली. मग जमू लागलं. पण खरा त्रास वेगळाच होता.

तिथे मला नावच नव्हतं. पहिल्याच दिवशी प्रशिक्षक म्हणाले, "आजपासून तू तो." म्हणजे समोरच्या देशाचा तो डावखुरा. सगळे मला त्याच्याच नावाने हाक मारू लागले. जेवायच्या टेबलावर मीठ मागायचं तरी त्याच्याच नावाने! प्रशिक्षकांनी त्याचा खेळ पाहिला होता. तो सर्व्हिस कुठे टाकतो, कुठल्या फटक्याला कचरतो, सगळं मला घोटून घोटून शिकवलं. एकदा मला राहवलं नाही. सर्व्हिसमागोमाग मी जाळीपाशी धावलो आणि आपल्या दोन नंबरच्या खेळाडूच्या डोळ्यांदेखत चेंडू कोपऱ्यात मारला. असा झकास गुण मी जन्मात घेतला नव्हता.

"तो असं करत नाही," प्रशिक्षक शिट्टी वाजवून म्हणाले. "मागे राहा."

तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, तो करत नसेल, मी करतो ना! पण बोलतो कोणाला? मागे राहिलो. कोणीतरी माझा काळा दोरा पाहून हसत म्हणालं, हे काढून टाक, तो मनगटात काही बांधत नाही. तेवढं मात्र मी ऐकलं नाही.

आणि मग संघातल्या चौथ्या खेळाडूचा पाय मुरगळला. सुजून भोपळ्याएवढा झाला. दुसऱ्याच्या दुखण्यावर खूश होऊ नये हे मलाही कळतं, पण त्या दिवशी माझी भूक दुप्पट झाली. मी धीर करून प्रशिक्षकांना विचारलं, चौथ्या जागेचं काय? "बघू," म्हणाले. "तू बरा खेळतोयस." 'तू' म्हणाले, त्याचं नाव घेतलं नाही. मी त्या एका 'बघू'वर अक्षरशः तरंगत होतो. आरशासमोर उभा राहून कोटाची बटणं लावायचा अभिनयसुद्धा केला. वेडेपणा दुसरं काय.

लढत तोंडावर आली होती. एका सकाळी कोर्टावर गेलो तर जाळी सैल सोडलेली आणि सगळे हास्यविनोद करत बसलेले. समोरचा देश येणार नव्हता. त्यांचं कुठे काय बिनसलं, पैशांचं की परवानगीचं, ते धड कोणी सांगेना. न खेळताच आपल्याला पुढे चाल मिळाली होती. एकमेकांच्या पाठी थोपटणं चाललं होतं. मी बावळटासारखा रॅकेट धरून उभा.

प्रशिक्षक जवळ आले. पुढच्या फेरीतल्या देशाकडे सगळे उजवे आहेत, म्हणाले. तोवर चौथ्याचा पायही बरा होईल.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुझं काम फार चांगलं झालं," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच माझं नाव विचारलं. आभाराचं पत्र कॉलेजला पाठवायचं होतं ना, त्यासाठी.

मी कसा घरी आलो हे आठवत नाही. ज्याच्यासाठी मी महिनाभर तो झालो, तो आलाच नाही, आणि मी कोण हे तर कोणालाच नको होतं. मामाच्या गावची ती बुंदी मला सारखी आठवत राहिली. वाढपी समोर येऊन उभा राहिला होता, पाहूनही गेला होता, आणि पुढे गेला होता.

जळगाव आलं. खाली उतरतो तो काय, ताशा वाजतोय! कॉलेजची पोरं, गल्लीतली माणसं, सगळ्यांत पुढे आमच्या घरासमोरच्या कापडदुकानाचे मारवाडी शेटजी झेंडूचा हार घेऊन उभे. मला कळेचना. मग कळलं. पेपरात आलं होतं, भारताची पुढे चाल. बाजारात कोणीतरी ते मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांनी त्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. भारत पुढे गेला म्हणजे भारत जिंकला, आणि आपला पोऱ्या तिकडे खेळायला गेलेला, म्हणजे त्यानेच जिंकवलं. झालं!

"अहो, सामना झालाच नाही," मी ओरडून सांगत होतो. ताशापुढे कोण ऐकतो? "लाजतोय!" असं म्हणून कोणीतरी मला खांद्यावर घेतलं. वरून मला आमचे सर दिसले. ते गर्दीच्या मागे उभे होते, चेहरा पडलेला. त्यांना खरं ठाऊक होतं हे त्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडल्यासारखं केलं आणि मान खाली घातली. मला उतरवा रे, मी म्हणत होतो. हार गळ्यात काचत होता. इतकी लाज मला हरल्यावरही कधी वाटली नव्हती.

दारात माय उभी. तिने भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही. मला वाटलं, एवढ्या गर्दीने बावरली असेल. शेटजी पेढ्यांचं खोकं घेऊन पुढे आले. "आपल्या गल्लीचा छोरा!" म्हणत त्यांनी पेढा काढला. मी उजवा हात पुढे केला.

"तो नही," माय म्हणाली. "शेट, डावा हातमा द्या त्याले."

ताशा थांबला होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. शेटजींचा हात तसाच अधांतरी राहिला. "बाई, शुभ काम आहे, उलटा हात कसा?" ते हळूच म्हणाले. गर्दीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. आणि ज्या बाईने एका पंगतीतल्या नजरा वर्षानुवर्षं जपून ठेवल्या होत्या, ती आमची माय त्या सगळ्या नजरांसमोर ताठ उभी राहिली.

"डावा हातमा," ती पुन्हा म्हणाली.

शेटजींनी पेढा माझ्या डाव्या हातावर ठेवला. मी खाल्ला. माय माझ्यासाठी अख्ख्या गल्लीशी भांडली होती, आणि ती कशासाठी, तर न झालेल्या विजयासाठी. आता हिला कोणत्या तोंडाने सांगू?

माणसं पांगली. दुपारी तिने मला एकट्यालाच वाढलं. ज्वारीची भाकरी आणि शेवेची रस्साभाजी, माझ्या आवडीची. मी ताटाला हात लावला नाही. म्हटलं, माय, आधी ऐक. आणि सगळं सांगून टाकलं. ते नाव, तो 'बघू', ती सैल सोडलेली जाळी, सगळं. "मी काही जिंकलो नाही. कोणी खेळलंच नाही. त्या पेढ्यावर माझा काही हक्क नव्हता."

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "माले ठाऊक शे. तुना सर सकायलेच सांगी गयात."

"मग तू सगळ्यांसमोर तो डाव्या हातात कशाला द्यायला लावलास?"

"तू जिंकना म्हनीसन नही," ती म्हणाली. तव्यावर भाकरी टाकली, पाण्याचा हात फिरवला. "त्या हातले बी कधी तं गोड भेटाले पाह्यजे ना."

रडू आलं, संतापही आला, कोणाचा ते कळलं नाही. ती ताटाकडे बोट करून म्हणाली, "जेव आते. त्याच हातघाई जेव." त्याच हाताने, डाव्याच. आता माझ्या घरात, माझ्या मायसमोर, मला तो हात मोकळा होता.

मी डावा हात ताटात घातला. भाकरीचा तुकडा मोडू लागलो तर मोडेना. एका हाताने भाकरी मोडायला अंगठ्याने दाबून बोटांनी ओढावं लागतं, पोरंसोरंही ते न बघता करतात. माझी बोटं एकमेकांत अडकत होती. ज्या हाताने मी देशाच्या खेळाडूंना गवतावर पळवलं, त्याला घरची भाकरी येत नव्हती. कसाबसा एक तुकडा निघाला, तो रश्शात बुडवला, आणि तोंडाशी नेईपर्यंत सगळा रस्सा मांडीवर. दुसरा घास जमिनीवर पडला. मी हसण्यावारी न्यायला गेलो. वर पाहिलं तर मायचा तव्यावरचा हात थांबला होता, आणि भाकरी करपायला लागली होती.

"भलताच घट्ट बांधेल व्हता रे मी," ती म्हणाली.

मी मनगटाकडे पाहिलं. कलकत्त्याच्या घामाने काळा दोरा केव्हाच ढिला होऊन लोंबत होता. "सैल तर आहे गं," मी म्हणालो. "बघ ना दोरा."

तिने पदर डोळ्यांना लावला.

"दोरा नही रे, भाऊ."